शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्या घरी विजेवरची गाडी आली तेव्हा तिच्यात दोन पेडल होती. आठवडा उलटायच्या आत तिसरं बसलं.

ते बसवून घेतलं माझ्या सासऱ्यांनी, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर. सासऱ्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं, कारण हयातभर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकाऊ गाडीत शेजारी बसणाऱ्या मास्तरसाठी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर आपला ब्रेक दाबतो आणि गाडी, शिकणारा आणि रस्त्यावरची कोंबडी असे तिघेही वाचतात. स्कूल बंद झालं, मास्तर निवृत्त झाले. पण ब्रेकने निवृत्त व्हावं असं त्यांना काही वाटत नव्हतं.

"पायाखाली ब्रेक नसताना शेजारी बसायचं म्हणजे सामान म्हणून जायचं," ते म्हणाले. "मी सामान नाही."

गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपने नाही म्हटलं. मग मास्तरांनी आपल्या जुन्या ब्रेकवाल्याला गाठलं. त्याने एक दांडा, दोन बिजागऱ्या आणि बरीचशी श्रद्धा वापरून शेजारचं पेडल ड्रायव्हरच्या ब्रेकला जोडून दिलं. इकडे दाबलं की तिकडे दाबलं जायचं. नव्याकोऱ्या गाडीच्या पोटात तो दांडा बघून माझा नवरा हळहळला. पण तेवढ्यात मास्तर बोलले आणि त्याला ते पटलं. माझा नवरा श्रवणयंत्रं विकतो. घरात जो शेवटी बोलेल, त्याचं तो ऐकतो.

ज्यांनी अशी गाडी चालवली नाही, त्यांना थोडं समजावून सांगायला हवं. या गाडीत एका पेडलवर सगळा संसार चालतो. दाबलं की गाडी पुढे जाते. पाय सैल केला की तीच मोटर उलटं काम करायला लागते: आता चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि बॅटरीत परत भरते. या खटाटोपात गाडीचा वेग आपोआप उतरतो. पाय पूर्ण उचलला की गाडी पूर्ण थांबते. खरा ब्रेक आहे, पण तो आणीबाणीसाठी. एरवी त्याला हात, म्हणजे पाय, लावायची गरज नसते. थोडक्यात, नेमकं कधी आणि किती सोडायचं हे कळलं की गाडी आली. आमच्या घरात दाबण्याची सवय सगळ्यांना आहे. सोडण्याचा सराव कुणालाच नव्हता.

माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी चौकात थांबताना सवयीने डावा पाय क्लचवर मारला. या गाडीत क्लच नसतो. तिथे ब्रेकचं रुंद पेडल असतं. माझं कपाळ काचेला भेटून आलं.

"गाडी फार नाजूक आहे," तो म्हणाला. गाडीचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

पण ही गोष्ट त्याची नाही. माझ्या सासूबाईंची आहे.

आई पडदे शिवतात. घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड निवडायचं, अस्तर लावायचं, खालच्या पट्टीत वजनं घालायची, म्हणजे पडदा वाऱ्याने उडत नाही, आणि मग स्वतः शिडीवर चढून तो टांगायचा. काम नेटकं आणि बोलणं कमी. गिऱ्हाइकं खूश असायची, पण आई एकट्या कधी जात नसत. कापडाचे गठ्ठे, रॉड आणि शिडी घेऊन त्यांना मास्तर गाडीतून पोचवत. पोचवून ते बाहेर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. ते आत येत, सोफ्यावर बसत आणि मत देत.

"या खिडकीला पडदा कशाला? चांगला उजेड येतोय," असं ते एका घरात म्हणाले. घरमालकाला ते पटलं. आई टेप गुंडाळून परत आल्या.

मग टेकडीवरच्या नव्या रुग्णालयाचं काम चालून आलं. प्रत्येक खोलीला पडदा, प्रत्येक खाटेभोवती पडदा. आयुष्यात एकदा येणारं काम. पहिल्या भेटीत मास्तरांनी तिथल्या मुख्य डॉक्टरांना रुग्णवाहिका कशी चुकीची उभी केली आहे, ते सविस्तर सांगितलं. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या व्यवस्थापक मॅडमचा आईंना फोन आला.

"काम तुम्हालाच द्यायचं आहे," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही एकट्या येऊ शकाल का? कधीही बोलावलं तरी? रंगारी वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत मला सांगा. नाही जमलं तर दुसरं माणूस बघावं लागेल."

टेकडीवर बस जात नाही. शिडी घेऊन चालत जाणं शक्य नाही. आईंनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला आणि जाहीर केलं, "मी गाडी शिकणार."

अर्ध्या गावाला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी बायकोला कधी शिकवलं नव्हतं. घरचं माणूस शिकत नाही, भांडतं, असं त्यांचं शास्त्र होतं. पण आई गाडी शिकणारच असतील तर ती दुसऱ्या कुणाकडून शिकणार ही कल्पना त्यांना त्याहून असह्य झाली. ठरलं असं: रोज मास्तर शिकवतील, रविवारी मी. मला रविवार मिळाला, कारण त्या दिवशी मास्तर त्यांच्या मित्रांकडे पत्ते खेळायला जातात.

रोजची बातमी उत्तम असायची. "अगं, काय सांगू, सिग्नलच्या रेषेवर अशी थांबवते!" मास्तर बशीत कप ठेवून तो रेषेवर कसा थांबतो ते दाखवायचे. "रक्तात लागतं ते."

"रक्त तुमचं नाही, माझं आहे," आई म्हणायच्या, पण खूश असायच्या.

रविवारी मी शेजारी बसले की त्याच आई रेषा ओलांडून निम्म्या चौकात जाऊन थांबत. पाय उचलत, गाडी हळू होत जाई, पण जिथे थांबायची तिथे थांबत नसे. मग त्या घाबरून ब्रेकवर उभ्याच राहत. एकदा पाववाल्याची सायकल थोडक्यात वाचली. सायकल वाचली, पाववाला मात्र आम्हाला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

"आई, पाय जरा आधी सोडा."

"रोज इथेच सोडते मी. रोज थांबते."

संध्याकाळी घरात निकाल लागला. "सूनबाईंना शिकवता येत नाही," मास्तर म्हणाले. "शिकलेली माणसं शिकवतात तेव्हा असंच होतं. थिअरी फार."

"तुला घाई होते का गं शेजारी बसल्यावर?" आईंनी सौम्यपणे विचारलं. "तू नुसती बसलीस तरी मला धडकी भरते."

नवऱ्याने मान डोलावली. आई शेवटी बोलल्या होत्या.

माझं काम वजनकाटे तपासण्याचं आहे. दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले काटे आमच्या प्रयोगशाळेत येतात. आम्ही त्यांच्यावर ठरावीक वजनं ठेवतो आणि ते किती खोटं बोलतात ते लिहून देतो. एक गोष्ट मी तिथे लवकर शिकले. एकच काटा दोन ठिकाणी दोन आकडे दाखवत असेल तर काट्याला दोष देण्याआधी बघावं, टेबलाला कोण टेकून उभं आहे.

गाडीच्या पडद्यावर प्रत्येक फेरीच्या शेवटी एक हिरवी पट्टी दिसते. किती वीज बॅटरीत परत आली, ते ती सांगते. मी चालवली की पट्टी चांगली लांब असायची. रविवारी आईंचीही बऱ्यापैकी असायची, चौकाच्या मध्यापर्यंत जाऊन का होईना. मास्तरांबरोबरच्या फेऱ्यांना मात्र पट्टी नखाएवढी. इतक्या सुंदर थांबणाऱ्या गाडीत काहीच परत येत नव्हतं. आमच्या गाडीत ब्रेकचं पेडल फक्त चाकांच्या तबकड्या दाबतं. त्याने वेग नुसता तापून जातो, वीज होत नाही. म्हणजे कुणीतरी ब्रेक लावत होतं, आणि त्या आई नव्हत्या.

"बाबा," मी जेवताना विचारलं, "तुम्ही शेजारून ब्रेक दाबता का?"

मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना सोफ्यावर लघवी करता का असं विचारलं होतं.

"मी? पाय जमिनीवर असतो माझा. गरज पडली तरच. आणि हिला गरज पडत नाही."

"पण परत काहीच येत नाही."

"परत काय यायचंय? रस्ता काय दुकान आहे का, सुटे परत द्यायला?"

सगळे हसले. मीही हसले; एकटीनेच गंभीर राहणं बरं दिसत नाही.

मग गाडी कुरकुरायला लागली. थांबताना चाकातून बारीक किंचाळी येई. ब्रेकवाला आला आणि चाक काढून, गुडघ्यांवर बसून आत बघत राहिला.

"मास्तर, ही विजेवरचीच गाडी ना?"

"मग काय चुलीवरची वाटते?"

"नाही, म्हणजे या गाड्यांचे ब्रेक पॅड वर्षानुवर्षं नवे राहतात. वापरतच नाही कोणी. तुमचे निम्मे संपलेत. घाटात ट्रक चालवता काय?"

"कंपनीनेच माल हलका घातलाय," मास्तर म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ब्रेकवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी दांड्याकडे बघितलं. तो दांडा त्यानेच बसवलेला असल्यामुळे तो पुन्हा चाकाकडे बघायला लागला.

तेव्हा रुग्णालयात रंगारी मधल्या मजल्यावर होते. आईंची परीक्षा ठरली होती. लायसनच्या परीक्षेत शेजारी मास्तर नसतो, परीक्षक असतो, आणि मी त्याच्या पायावर भरवसा ठेवायला तयार नव्हते. या वेगाने आई परीक्षेत नापास झाल्या असत्या. तसं काही झालं तर नशीब, असंही माझ्या मनात आलं. पास होऊन टेकडीच्या उतारावर एकट्या निघाल्या असत्या तर काय, हा विचार मला जास्त छळत होता.

वाद घालून उपयोग नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी. मी आईंच्या शिवणाच्या डब्यातून कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला, त्याची पूड केली आणि सकाळी शेजारच्या पेडलच्या रबरावर चोळून ठेवली. फेरी झाली. दोघं हसतमुख परत आले. मास्तरांनी दारात बूट काढले आणि आत जाऊन चहा मागितला.

मी उजवा बूट उचलून तळवा वर केला. पुढच्या भागावर निळा पट्टा होता, आभाळासारखा स्वच्छ.

"काय बघतेस गं?" आईंनी मागून विचारलं. मी बूट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळव्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"हा माझा खडू आहे."

"पेडलवर लावला होता."

आई बूट घेऊनच आत गेल्या. मास्तर चहात बिस्कीट बुडवत होते.

"अहो, आज ब्रेक दाबलात?"

"नाही."

"एकदाही?"

"तुला सांगितलं ना, एकदाही नाही. तू सुरेख थांबवलीस." आणि मग त्यांना स्वतःच्या बुटाचा तळवा दिसला. बिस्कीट चहात पडलं.

मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी वाकून उजव्या पायाकडे बघितलं. भाडेकरू गुपचूप काही उद्योग करतोय असं शेजाऱ्याकडून कळावं, तसं.

"मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"म्हणजे गाडी मी कधी थांबवलीच नाही," आई म्हणाल्या.

"अगं, पण थांबली ना? कुणी थांबवली त्याने काय फरक पडतो!"

आईंनी बूट टेबलावर ठेवला, चहाच्या कपाशेजारी. "उद्या तो दांडा काढायचा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला शेजारी बसायचं असेल तर पाय वर घेऊन बसायचं."

दांडा निघाला. मास्तर सीटवर मांडी घालून, पट्टा लावून, मूर्तीसारखे बसायला लागले. शेजाऱ्यांना वाटलं, त्यांनी ध्यानधारणा सुरू केली. आई आता खरोखर गाडी शिकायला लागल्या, आणि ते बघण्यासारखं नव्हतं. चुकीच्या जागी थांबायची भीती बसल्यामुळे त्या पाय झटक्यात उचलत. गाडी जागच्या जागी थबके. मग पुन्हा दाबत, ती उसळी मारे. दाब, थबक, दाब, थबक. मांडी घातलेल्या माणसाला आधाराला काही नसतं. तिसऱ्या गल्लीत मास्तरांनी काच खाली केली आणि सकाळचा नाश्ता रस्त्याला अर्पण केला.

"हेच का ते परत येणं?" त्यांनी तोंड पुसत मला विचारलं. मी मागे बसले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली.

मी मात्र थिअरी सोडली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून मी आईंना समजावलं की वेग ही ऊर्जा आहे, ती कुठे जात नाही, रूप बदलते. मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन कामं. पाय जितका सैल, तितका मोटरचा विरोध जास्त. मी कागदावर आलेखही काढून दाखवला.

"सुंदर आहे," आई म्हणाल्या आणि शिवायला निघून गेल्या.

रुग्णालयासाठी नमुन्याचा एक पडदा द्यायचा होता. मी आलेख हातात घेऊन त्यांच्या मागोमाग गेले, कारण आलेखाचा दुसरा भाग राहिला होता. आई मशीनवर बसल्या. त्यांचं मशीन विजेचं आहे, खाली पायात एक पेडल. लांब सरळ शिवण आली, पाय दबला, सुई भरधाव निघाली. कोपरा जवळ आला तसा पाय सैल होत गेला, सुई मंद होत गेली, आणि नेमकी कोपऱ्याच्या टाक्यावर, कापडात रुतून थांबली. त्यांनी कापड वळवलं. पाय पुन्हा दबला. त्यांचं लक्ष कापडावरही नव्हतं, त्या मला विचारत होत्या, "तो दुसरा भाग सांगणार होतीस ना?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आलेख घडी करून खिशात घातला.

"आई, या मशीनला ब्रेक कुठे आहे?"

"मशीनला कशाला ब्रेक? पाय सोडला की थां..." त्या थांबल्या. त्यांनी खाली पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग हे आधी का नाही सांगितलंस? इतके दिवस ती मोटर आणि ते जनित्र..."

"मला आत्ता कळलं."

"एवढी शिकलीस आणि आत्ता?"

त्यानंतर गाडीत आईंनी रस्ता शिवायला घेतला. चौक आला की म्हणत, "कोपरा आला," आणि पाय सैल व्हायला लागे. गाडी रेषेवर येऊन अशी उभी राही की मागच्या सीटवरचा कापडाचा गठ्ठा कलंडत नसे. मास्तर पहिले दोन दिवस काच उघडी ठेवून तयारीत बसले. मग त्यांनी काच लावून घेतली. त्यापलीकडे कौतुक केलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही चौघंही लायसन ऑफिसच्या मैदानावर गेलो. नवऱ्याने सुट्टी घेतली होती. मागच्या सीटवर आमच्या मांडीवर कापडाचे नमुने आणि खाली शिडी, कारण आईंनी रुग्णालयाच्या मॅडमना कळवलं होतं की आज काय ते सांगते. रंगारी वरच्या मजल्यावर चढले होते. आज नापास झाल्या तर पुढची तारीख मिळेपर्यंत तिथे दुसऱ्याच कुणाचे पडदे लागले असते.

मैदान म्हणजे आखलेल्या रेषा, एक चढ, एक वळण आणि खुर्च्यांवर वाट बघणारे उमेदवार. परीक्षक बाहेर आले. पोट सुटलेले, मिशा रंगवलेले. मास्तरांना बघताच त्यांनी वाकून नमस्कार केला. ते मास्तरांचे विद्यार्थी होते. या गावात मास्तरांचा विद्यार्थी नसलेला माणूस शोधायचा तर पाळण्यात शोधावा लागतो.

"मी एक शब्द टाकू का?" मास्तर कुजबुजले.

"तुम्ही त्या कुंपणाजवळ उभे राहा," आई म्हणाल्या. "शब्द तिथेच टाका."

परीक्षक आईंच्या शेजारी बसले. गाडी निघाली. चढावर आई मधेच थांबल्या, गाडी तसूभर मागे आली नाही, पुन्हा निघाल्या. वळण झालं. शेवटच्या रेषेवर गाडी येऊन अशी थांबली की मास्तरांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. आम्ही तिघं पुढे धावलो.

परीक्षक उतरले ते डोकं हलवतच. "नापास करावं लागेल, काकू."

"का?"

"ब्रेक वापरला नाहीत. पूर्ण परीक्षेत एकदाही नाही. नियम आहे, उमेदवाराने ब्रेकचा योग्य वापर केला पाहिजे."

"गरजच पडली नाही."

"म्हणजे वापर नाही."

"थांबले ना मी रेषेवर?"

"थांबलात. पण ब्रेकने नाही थांबलात." हे त्यांनी अशा समजुतीने सांगितलं, जणू आई घरी पोचल्या होत्या, पण चुकीच्या घरी.

मी मोटर आणि जनित्राबद्दल बोलायला तोंड उघडलं. नवऱ्याने माझा हात दाबला, आणि पहिल्यांदाच त्याचं बरोबर होतं. परीक्षक माझ्याकडे बघतही नव्हते. ते मास्तरांकडे वळले.

"मास्तर, तुम्हीच सांगा यांना. तुम्हीच शिकवलंत आम्हाला. संशय आला की ब्रेक. आठवतं? आज मी जो काही आहे तो त्या वाक्यावर."

खुर्च्यांवरचे उमेदवार ऐकत होते. त्यांतले दोघंतिघं मास्तरांना ओळखत होते. एक उठून उभाही राहिला. मास्तरांना फक्त मान हलवायची होती. मान हलली असती तर त्यांचं वाक्य, त्यांचं नाव, त्यांचे विद्यार्थी, सगळं होतं तिथेच राहिलं असतं. आणि उद्यापासून आईंना टेकडीवर जायची गरज उरली नसती. त्या पुन्हा शेजारी बसल्या असत्या.

आई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या गाडीच्या दाराला धरून, मागच्या सीटवरच्या गठ्ठ्याकडे बघत होत्या.

"तुझी परीक्षा याच मैदानावर झाली," मास्तर परीक्षकांना म्हणाले. "तेव्हा परीक्षक मागे बसायचे आणि मी शेजारी. चढावर तुझी गाडी मागे यायला लागली होती."

"हो, मास्तर! पण मी ब्रेक लावला आणि सावरली."

"गाडी सावरली. ब्रेक मी लावला."

परीक्षक हसले. मास्तर हसले नाहीत.

"परवा-परवापर्यंत मलाही वाटायचं तूच लावलास," ते म्हणाले. "हिने आणि सूनबाईंनी माझा पाय पकडला तेव्हा कळलं. तुझा ब्रेक मी लावला. तुझ्या आधीच्यांचा मी लावला. नंतरच्यांचाही." त्यांनी खुर्च्यांकडे बघितलं. उभा राहिलेला माणूस खाली बसला. "माझ्या हाताखालून गेलेल्यांत स्वतः थांबलेलं माणूस मला आत्ता एकच दिसतंय. तिला तू नापास करतोयस."

मला गावातल्या वाहतुकीबद्दल बरेच दिवस काही प्रश्न होते. ते तिथल्या तिथे सुटले.

"हळू बोला, मास्तर," परीक्षक म्हणाले. त्यांच्या मिशीचा रंग ओठावर उतरला होता. त्यांनी घाम पुसला, हातातला कागद बघितला आणि आवाज बदलून आईंना म्हणाले, "काकू, असं करू. एकदा नुसता ब्रेक दाबून दाखवा. मी खूण करतो."

आई बसल्या. परीक्षक शेजारी बसले. गाडी निघाली, आणि आईंनी त्या पेडलवर पाय ठेवला ज्याच्याशी त्यांचा फारसा परिचय नव्हता. परीक्षकांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन आपटला.

"पास," ते चष्मा शोधत म्हणाले.

हंगामी परवाना खिडकीवर लगेच मिळाला. आईंनी तो पर्समध्ये ठेवला, टेप गळ्यात अडकवला आणि गाडीत बसल्या. आम्हीही दारं उघडायला पुढे झालो.

"तुम्ही कुठे?" आई म्हणाल्या. "मी रुग्णालयात चाललेय. रंगारी गेले तर खिडक्या दुसरंच कुणीतरी मोजेल."

"मग आम्ही?" नवऱ्याने विचारलं.

"एकट्या या, असं सांगितलंय त्यांनी."

गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. वळणाआधी ती मंदावली, वळली आणि टेकडीच्या रस्त्याला लागली.

"आपण कसं जायचं आता?" मास्तरांनी विचारलं. आमच्या घरात हा प्रश्न नेहमी आई विचारत आल्या होत्या. कुठली बस, कुठला थांबा, हे त्यांनाच माहीत असे, कारण मास्तर ज्या दिवशी रुसत त्या दिवशी त्या बाजाराला बसने जात. आम्ही तिघं थांबा शोधत निघालो. एकदा चुकलो, एका भाजीवाल्याला विचारलं, मग सापडला.

बस आली. ड्रायव्हरच्या अगदी मागची सीट रिकामी होती. मास्तर तिच्याजवळ थबकले, ड्रायव्हरच्या पायांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

मागे हादरे फार बसतात, असं घरी पोचेपर्यंत ते मला सांगत होते.